संगणक भाड्याचा, चावी कोणाच्या हाती?

घर भाड्याने घेताना आपण घरमालकाला चार प्रश्न विचारतो. पाणी किती वेळ येते, अनामत किती, भाडे दरवर्षी कितीने वाढणार आणि घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची नोटीस द्यावी लागणार? दुकानाचा गाळा घ्यायचा असेल तर वकिलाकडे जाऊन रीतसर करारनामा करून घेतो. परंतु आपल्या कार्यालयाचा अख्खा संगणक, त्यातील प्रत्येक पत्र, प्रत्येक हिशेब, प्रत्येक अशिलाची कैफियत दुसऱ्याच्या जागेत भाड्याने ठेवताना मात्र आपण पडद्यावरील 'मला मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेवून मोकळे होतो. क्लाउडवरील व्हर्च्युअल डेस्कटॉप या नावाने जी सेवा आज विकली जात आहे, तिच्याबाबत नेमके हेच घडत आहे. वकिलांची छोटी कार्यालये, सार्वजनिक न्यास, वाचनालये, अभ्यासिका, पतसंस्था या सर्वांच्या दारात आज या सेवेचे विक्रेते उभे आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. तुमच्या टेबलावर फक्त पडदा, कीबोर्ड आणि माऊस. प्रत्यक्ष संगणक, म्हणजे त्याची गणनशक्ती, त्याची साठवण, त्यातील विंडोज व वर्ड, हे सारे दूरच्या डेटा सेंटरमध्ये. तुम्ही दाबलेली कळ इंटरनेटवरून तिकडे जाते आणि तिकडच्या पडद्याचे चित्र तुमच्याकडे येते. कल्पना नवी नाही. सिट्रिक्स कंपनीने १९९५ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये अशी व्यवस्था बाजारात आणली होती. परंतु तेव्हा तो मोठा संगणक कंपनीच्या स्वतःच्या इमारतीत असे. अॅमेझॉनने नोव्हेंबर २०१३ मध्ये वर्कस्पेसेस जाहीर केले आणि इमारत दुसऱ्याची झाली. मायक्रोसॉफ्टची अशीच सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, २०२१ मध्ये तिचे नाव अॅझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ३६५ ही दुसरी, ठराविक मासिक भाड्याची सेवा आली. आपल्याकडे २०२५ मध्ये जिओने सेट-टॉप बॉक्सला जोडून चालणारा जिओपीसी आणला.

आजच हा प्रश्न ऐरणीवर का आला? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. जुन्या संगणकांपैकी अनेकांवर विंडोज ११ चढत नाही. चालू स्थितीतील यंत्र कागदोपत्री बाद झाले. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी नवी यंत्रे घेतली. ज्यांच्याकडे नाही त्यांना सांगितले जात आहे की, जुनेच यंत्र ठेवा, फक्त पडदा म्हणून वापरा आणि आतला संगणक आमच्याकडून भाड्याने घ्या.

या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. या व्यवस्थेचे फायदे खरे आहेत. लॅपटॉप एस.टी.त विसरला किंवा चोरीला गेला तरी प्रकरणाचे कागद त्याच्यात नसतात. तालुक्याच्या न्यायालयातून, जिल्ह्याच्या कार्यालयातून आणि घरून तोच डेस्कटॉप उघडतो. कार्यालयातील नवा कनिष्ठ वकील आला की त्याला तासाभरात जागा देता येते आणि तो गेला की ती काढून घेता येते. जे काम करायला पूर्वी मोठ्या कंपनीचा संगणक विभाग लागत असे ते पाच माणसांच्या संस्थेच्या आवाक्यात आले, ही गोष्ट लहान नाही. आमचा मुद्दा एवढाच की, भाडेकरूने भाडेकरूसारखे वागावे, मालक असल्याच्या भ्रमात राहू नये.

पहिला प्रश्न हा की, ही सेवा मुळात हवी आहे काय? पाच जणांना एकच फाईल बघायची असेल, तर साधी क्लाउड साठवण पुरते. ई-मेल, पत्रव्यवहार आणि ई-कोर्ट्सची वेबसाइट एवढेच काम असेल, तर जुन्या यंत्रावर लिनक्स व ब्राउझर टाकून ते विनाभाड्याचे चालते. व्हर्च्युअल डेस्कटॉपची खरी गरज तेथे असते, जेथे विंडोजवरच चालणारे विशिष्ट सॉफ्टवेअर अनेक ठिकाणांहून वापरायचे आहे, किंवा जेथे गोपनीय कागद कर्मचाऱ्यांच्या खासगी यंत्रांवर उतरूच द्यायचे नाहीत. ही गरज नसताना ही सेवा घेणे म्हणजे एक पत्र पाठवण्यासाठी टेम्पो भाड्याने घेणे होय.

दुसरा प्रश्न कायद्याचा. वकील म्हणून आम्हांस तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करू नये, हे बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. कागद भाड्याच्या संगणकावर ठेवले म्हणून हे बंधन भाड्याने देता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे कलम १७ कायदेशीर हक्क बजावण्यासाठी केलेल्या कामाला अनेक तरतुदींतून सूट देते. त्यामुळे काही वकीलमित्र हा कायदा आपल्याला लागूच नाही असे समजतात. परंतु त्याच कलमाने कलम ८ ची उपकलमे १ आणि ५ सूटीतून वगळली आहेत. उपकलम १ म्हणते की, डेटा हाताळणारा तिसरा पक्ष नेमला तरी जबाबदारी नेमणाऱ्याचीच. उपकलम ५ म्हणते की, वाजवी सुरक्षा ठेवलीच पाहिजे. त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ही मुदत तयारीसाठी आहे, झोपण्यासाठी नव्हे.

येथे प्रश्न केवळ वकिलाच्या दंडाचा नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील प्रकरणातील साक्षीदाराचे नाव, पत्ता, तो सध्या कोणाकडे राहतो आहे याची टिपणे ज्या यंत्रात आहेत, ते यंत्र कोणाकोणाला उघडता येते, यावर त्या साक्षीदाराचे गावात राहणे अवलंबून असते. २०१५ च्या दुरुस्तीने या कायद्यात आलेले कलम १५अ साक्षीदाराच्या संरक्षणाची हमी देते. ती हमी वकिलाच्या कार्यालयातील सैल पासवर्डमुळे फोल ठरता कामा नये.

म्हणून विक्रेत्याला विचारावे की, आमचा डेस्कटॉप नेमक्या कोणत्या शहरात ठेवणार? मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरे २०१५ पासून पुणे, मुंबई, चेन्नई परिसरात आहेत. अॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबादचे २०२२ मध्ये सुरू झाले. तेव्हा भारतात जागा नाही, ही सबब चालणार नाही. करारनाम्यात शहराचे नाव लिहून घ्यावे. केंद्र सरकारने तपासणी करून यादीवर घेतलेल्या क्लाउड पुरवठादारांत ती कंपनी आहे काय, हेही पाहावे. परंतु डेटा पुण्यात ठेवला म्हणजे तो केवळ भारतीय कायद्याखाली आला, असेही समजू नये. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये क्लाउड अॅक्ट केला. त्यानुसार अमेरिकन कंपनीच्या ताब्यातील डेटा जगात कोठेही असला तरी तेथील यंत्रणा कायदेशीर आदेशाने तो मागू शकते.

हे दूरचे बोलणे वाटत असेल तर जुलै २०२५ मधील एक घटना ध्यानात घ्यावी. गुजरातमधील वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. पूर्ण पैसे भरून घेतलेल्या परवान्यांवरील आमचाच डेटा आम्हांला उघडता येत नाही, अशी तक्रार घेऊन नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, कारखाना भारतातला आणि भारतीय कायद्याने त्याचा गुन्हा काही नाही. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही गत, तर तालुक्याच्या ठिकाणच्या न्यासाचे काय? त्याच्याजवळ दिल्लीत उभा करायला वरिष्ठ वकील नाही. सोमवारी युक्तिवाद आणि शनिवारी खाते बंद, अशी वेळ आली तर त्याने कोणाचे दार ठोठवावे?

तिसरा प्रश्न नक्कल-प्रतीचा, म्हणजे बॅकअपचा. 'क्लाउडवर ठेवले म्हणजे सुरक्षित' हे वाक्य विक्रेते मंत्रासारखे म्हणतात. मंत्राने आग विझत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. एका ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या नक्कल-प्रतीसुद्धा त्याच इमारतीत ठेवल्या गेल्या होत्या. त्याला न्याय मिळायला २०२३ साल उजाडले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायलींचे ८५८ टेराबाइट्सचे भांडार जळाले. त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. प्रगत म्हणून मिरवणाऱ्या देशातली ही कथा आहे.

याउलट ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीचे उदाहरण पाहा. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडकडून झालेल्या चुकीमुळे या निधीचे क्लाउडवरील खातेच पुसले गेले. सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. परंतु निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या, म्हणून सर्व काही परत उभे राहिले. आणि आमच्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेतील आयएनसिंक या कंपनीचे. ती हिशेबनीसांना नेमका असाच क्लाउड डेस्कटॉप भाड्याने देत असे. जुलै २०१९ मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरने तिच्यावर हल्ला केला आणि तिच्या ग्राहकांना, त्यांचा स्वतःचा काहीही दोष नसताना, अनेक दिवस आपल्या अशिलांच्या वह्या उघडता आल्या नाहीत. या सर्वांतून निघणारा धडा एकच आहे. एक प्रत पुरवठादाराकडे, दुसरी प्रत वेगळ्या पुरवठादाराकडे आणि तिसरी प्रत आपल्या कपाटातील, कुलूप लावलेल्या हार्डडिस्कवर, पासवर्डने बंद केलेली. दर शनिवारी ती घेतली पाहिजे आणि तीन महिन्यांतून एकदा ती खरोखर उघडते की नाही हे तपासले पाहिजे. न उघडणारी प्रत म्हणजे कोरा कागद.

पुराव्याबाबतही एक गोष्ट. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. मारहाणीचे चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण क्लाउड डेस्कटॉपवर चढवले म्हणून मूळ मोबाइल विकू नका, त्यातील मेमरी कार्ड पुसू नका. उलटतपासणीत पहिला प्रश्न मूळ यंत्र कोठे आहे हाच येतो.

आता पैशाकडे वळू. भाड्याचे दोन प्रकार आहेत. विंडोज ३६५ मध्ये मुख्यतः दरडोई, दरमहा ठराविक रक्कम द्यावी लागते, मग वापर कितीही होवो. अॅझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये चालू यंत्राच्या वेळेचे पैसे लागतात. अॅमेझॉन दोन्ही पद्धती देते. महिन्याचे तास ७२०. दिवसाला आठ तास, पंचवीस दिवस काम केले तर वापर २०० तासांचा, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तासाचा मीटर लावून घेतला आणि रात्री यंत्र आपोआप बंद होण्याची व्यवस्था केली नाही, तर ५२० तासांचे भाडे रिकाम्या खुर्चीला जाते. शिवाय यंत्र बंद असले तरी साठवणीचे भाडे चालूच राहते. समजा, एका डेस्कटॉपचे भाडे दरमहा १५०० रुपये आहे. हा आकडा केवळ हिशेबासाठी धरला आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २७० रुपये. बहुतेक वकिलांना जीएसटी नोंदणीच लागत नसल्याने हा कर वजावटीने परत मिळत नाही. तेव्हा १७७० गुणिले ३६ महिने म्हणजे ६३,७२० रुपये. पाच जणांच्या कार्यालयाचे तीन वर्षांत ३,१८,६०० रुपये. पडदा, इंटरनेट आणि इन्व्हर्टर वेगळेच. ही बेरीज नव्या संगणकांच्या किमतीशेजारी लिहून मगच सही करावी. काही ठिकाणी भाडे स्वस्त पडेल, काही ठिकाणी विकत घेणे. परंतु बेरीज न करता घेतलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

चौथा प्रश्न रोजच्या कामाचा. साध्या कार्यालयीन कामासाठी दरडोई दीड ते तीन मेगाबिट प्रतिसेकंद वेग पुरतो, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन आहे. पण वेगापेक्षा विलंब महत्त्वाचा. डेटा सेंटर मुंबई-पुण्यात असेल तर कळ दाबताच अक्षर उमटते. ते अमेरिकेत असेल तर जाण्यायेण्यात सुमारे २०० मिलिसेकंद जातात आणि टंकलेखकाचा हात अडखळतो. ज्या गावात वीज जाते आणि तिच्यासोबत इंटरनेटही जाते, तेथे न्यायालयाच्या तारखेचे कागद आदल्या रात्री छापून ठेवण्याला पर्याय नाही.

त्याहून अडचणीच्या गोष्टी माहितीपत्रकात नसतात. ई-फायलिंगसाठी डिजिटल स्वाक्षरीचा टोकन तुमच्या टेबलावरील यंत्राला जोडलेला असतो, पण सही करणारे सॉफ्टवेअर पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये असते. तो टोकन तेथे ओळखला जातो काय? तुमचा स्कॅनर, तुमचा प्रिंटर, लीगल कागदाचा आकार हे सारे चालते काय? आणि मराठीचे काय? आपल्याकडील हजारो जुन्या कैफियती, ठराव, इतिवृत्ते श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना तर यंत्रात खोचण्याचे कुलूप लागत असे. क्लाउडवरील यंत्रात ते कुलूप खोचायला जागा कोठे आहे? लिनक्सवर चालणाऱ्या सेवेत तर हे विंडोजचे सॉफ्टवेअर चढणारच नाही. सबब, आधी जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये करून घ्यावेत आणि मगच स्थलांतर करावे. पंधरा दिवस किंवा महिनाभर एकाच माणसाने एकाच डेस्कटॉपवर प्रत्यक्ष काम करून पाहावे. विक्रेत्याच्या लॅपटॉपवर दाखवलेले प्रात्यक्षिक हा पुरावा नव्हे.

शेवटचा आणि आपल्या संस्थांना सर्वाधिक लागू असणारा प्रश्न म्हणजे खाते कोणाच्या नावावर? एका विक्रेत्याने आम्हांस दाखवलेल्या मसुद्यात खात्याचा मुख्य व्यवस्थापक म्हणून विक्रेत्याचेच नाव होते. संस्थेचे नाव केवळ बिलावर. म्हणजे उद्या बिलाचा वाद झाला तर कुलूप लावणारा तोच आणि उघडणाराही तोच. दुसरीकडे संस्था स्वतः खाते उघडते तेव्हा ते सचिवाच्या खासगी ई-मेलवर आणि खासगी मोबाइल क्रमांकावर उघडले जाते. मग कार्यकारिणी बदलते, दोन गट पडतात, धर्मादाय कार्यालयात कलम २२ खालील बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो आणि तोवर संस्थेचा सगळा इतिहास एका माणसाच्या खिशातील मोबाइलवर येणाऱ्या सहा अंकी ओटीपीत कैद होतो. कपाटाची चावी अडवून बसलेल्या पदाधिकाऱ्याविरुद्ध आपण पंचनामा करून कुलूप तोडू शकतो. ओटीपी तोडता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. सेवा घेण्याचा ठराव कार्यकारिणीत मंजूर करावा, खाते संस्थेच्या नावे व संस्थेच्या अधिकृत ई-मेलवर उघडावे, किमान दोन व्यवस्थापक ठेवावेत आणि आपत्कालीन परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये किंवा संस्थेच्या तिजोरीत ठेवावेत. पदाधिकारी बदलला की त्याच दिवशी चाव्या बदलाव्यात.

मग निवड कोणती करावी? आमचे मत असे. ज्या कार्यालयात संगणकाचा जाणकार नाही आणि माणसे दहाच्या आत आहेत, तेथे ठराविक मासिक भाड्याची सेवा बरी, कारण बिल आधी कळते. ज्यांच्याकडे जाणकार माणूस आहे, वापर कमीअधिक होतो आणि एका यंत्रावर अनेकांना बसवता येते, त्यांनी मीटरची पद्धत घ्यावी, पण खर्चाची मर्यादा व सूचना पहिल्याच दिवशी लावून. विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेला लेखन, वाचन व सराव एवढेच हवे असेल, तर सेट-टॉप बॉक्सवरची स्वस्त सेवा पुरेल. तेथे अशिलांचे कागद ठेवू नयेत. आणि कोणतीही सेवा घेतली तरी पासवर्डसोबत दुसरी ओळख-तपासणी अनिवार्य करावी आणि खासगी यंत्रावर फाईल उतरवण्याची सोय बंद ठेवावी.

करारनाम्यात पाच गोष्टी शोधाव्यात. डेटा कोठे राहणार, सेवा बंद झाल्यावर तो किती दिवस काढून घेता येणार, काढून घेण्याचे पैसे किती, नुकसान झाल्यास भरपाईची मर्यादा काय आणि वाद कोणत्या न्यायालयात चालणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा धक्कादायक असते. विंडोज ३६५ च्या एंटरप्राइझ योजनेत परवाना संपल्यावर मिळणारी सवलत सात दिवसांची आहे. भरपाईची मर्यादाही अशा करारांत बहुधा मागील बारा महिन्यांच्या भाड्याएवढीच असते. तुमच्या वीस वर्षांच्या कागदांची किंमत तेथे एका वर्षाच्या भाड्याएवढी धरलेली आहे, हे वाचूनच सही करा. विक्रेता या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी देत नसेल, तर दुसरा विक्रेता पाहा.

आपल्यापैकी अनेकांच्या हाती संगणक उशिरा आला. तो आला म्हणून आपल्या संस्थांचे हिशेब, आपली प्रकरणे, आपली इतिवृत्ते लिहून ठेवली गेली. तो आता क्लाउडवर न्यायचा असेल तर जरूर न्यावा, मागे राहण्यात काही शहाणपण नाही. परंतु वकील मित्रांनी आपल्या तालुका बार असोसिएशनमध्ये एकत्र बसून एक नमुना करार तयार करावा, संस्थांनी एकेकट्याने न जाता चार-पाच मिळून दर ठरवावेत आणि पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत हा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात न ढकलता विषयपत्रिकेवर क्रमांक देऊन घ्यावा.